एफएमवर दिवसभर तीच गाणी, आणि तीही जुन्यांवरून उचललेली. रेडिओने नवं काही करायचं सोडूनच दिलं का?

टाकादोरा

सांगलीत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. सकाळी दहाला शटर वर गेलं की आधी रेडिओ लागतो, मग मशीन. बावीस वर्षं हेच चालू आहे. आम्ही तिघी जणी असतो. हात आणि डोळे कामात, कान तेवढे मोकळे. त्यामुळे रेडिओवर दिवसभर काय लागतं ते आम्हाला नीट माहीत असतं.

गेल्या मंगळवारी कापडावर खुणा करायच्या खडूने मी टेबलाच्या कडेला रेघा मारत गेले. सकाळी साडेदहा ते संध्याकाळी सात या वेळात एकच गाणं सहा वेळा लागलं. तेही जुनंच, नव्याने केलेलं. मूळ गाणं माझ्या लग्नाच्या वरातीत बँडवाल्यांनी वाजवलं होतं. मुखडा तोच ठेवलाय, खाली ठोका बदललाय, मध्ये रॅप घुसवलंय आणि कडवी गायब. माझ्याकडची मुलगी एकोणीस वर्षांची आहे, तिला हेच मूळ वाटतं. तिला दोष कसा देणार? तिच्या कानावर दुसरं काही पडलंच नाही.

असं एकच गाणं असतं तर मी लिहिलं नसतं. १९९०च्या 'थानेदार'मधलं 'तम्मा तम्मा' २०१७ला परत आलं. १९९५च्या 'बॉम्बे'मधलं 'हम्मा हम्मा' त्याच सुमारास परत आलं. १९९४च्या 'मोहरा'मधलं 'टिप टिप बरसा पानी' २०२१ला. 'मसकली'चं दुसरं रूप २०२०मध्ये आलं तेव्हा खुद्द ए. आर. रहमान यांना लोकांना जाहीरपणे सांगावं लागलं की मूळ गाणं ऐका. त्यामागे दोनशेहून जास्त वादक होते आणि वर्षभराचा विचार होता, असं त्यांनी लिहिलं होतं.

मला खरं दुःख रेडिओचं आहे. रेडिओ एके काळी गाणी घडवायचा. १ एप्रिल १९५५ला, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झालं. गदिमा लिहायचे, बाबूजी चाल लावायचे, आठवड्याला एक नवं गीत. वर्षभरात छप्पन्न झाली. ती रेडिओसाठी जन्मली आणि घराघरात गेली. आज कुठलं स्टेशन एका कवीला आणि एका संगीतकाराला बोलावून म्हणतं की वर्षभर दर आठवड्याला आम्हाला नवीन द्या?

तुम्हाला काय वाटतं, मोकळेपणाने लिहा.

कानसेन

ताई, तळमळ पोचली, पण मी असहमत आहे.

तुम्ही ज्याला मूळ म्हणता ते 'तम्मा तम्मा'च गिनी देशातल्या मोरी कांते यांच्या 'तामा' या गाण्यावर बेतलेलं आहे. म्हणजे २०१७मध्ये उचललेल्याचंच पुन्हा उचललं गेलं. आणि हे नव्वदीतही सुरू झालेलं नाही. १९५६च्या 'सीआयडी'मधलं मुंबईचं ते सुप्रसिद्ध गाणं 'क्लेमेंटाइन' या अमेरिकी लोकगीताच्या चालीवर आहे. सलील चौधरींनी १९६१च्या 'छाया'त मोझार्टची चाळिसावी सिंफनी घेतली, आणि ते गाणं आपण सगळे डोळे मिटून ऐकतो.

आपल्याच घरात बघा. किर्लोस्करांच्या 'सौभद्रा'ची जुनी छापील प्रत उघडा. पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि 'चाल – अमुक अमुक' असं लिहिलेलं असतं. कीर्तनातली चाल, लावणीची चाल, कर्नाटकातून आलेली चाल, सगळं चालायचं. 'स्वयंवरा'त भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशींवरून पदं बांधली आणि बालगंधर्वांनी ती अजरामर केली. तेव्हा कुणी 'उसनी चाल' म्हणून नाक मुरडलं नाही. उसनवारी हा आपल्या संगीताचा स्वभाव आहे. गाणं चांगलं झालं की नाही, एवढंच विचारावं.

अनुराधा_तळेगाव

@कानसेन, 'सौभद्रा'चं उदाहरण तुम्ही दिलंत हे बरं झालं, कारण ते तुमच्याच विरुद्ध जातं.

'चाल – अमुक' असं छापलेलं असायचं, म्हणजे कुणाकडून घेतलं ते उघड सांगितलेलं होतं. शब्द मात्र पूर्णपणे नवे होते, त्या प्रसंगासाठी, त्या पात्रासाठी लिहिलेले. आणि रंगमंचावर नट ते पद रोज वेगळं गायचा, वन्समोअर मिळाला की आणखी वेगळं. बखल्यांनी बंदिश घेतली ती ख्यालाच्या विलंबित पसाऱ्यातून उचलून नाटकाच्या मापात बसवली. ते काम सोपं नाही. माझे गुरुजी एकेका पदाची मूळ बंदिश आधी शिकवायचे, मग पद. दोन्ही शेजारी ठेवली की कळतं, किती विचार केलाय.

आताच्या रिमेकमध्ये काय घेतात? लोकांना आधीच पाठ असलेली ओळ, शब्दांसकट. जे अवघड आहे, म्हणजे कडव्यातली स्वरांची चढण, तालाची गंमत, कवीने मुखड्यानंतर केलेला विचार, ते सगळं कापून टाकतात. टाकादोरा ताईंनी 'कडवी गायब' असं दोन शब्दांत लिहिलंय, माझ्या मते तीच या सगळ्यातली मुख्य गोष्ट आहे. कडव्याशिवाय मुखडा परत येतो तेव्हा तो कुठून तरी परत आलाय असं वाटतच नाही.

माजी_एफएमवाला

पाच वर्षं एका खासगी एफएम स्टेशनात प्रोग्रॅमिंगला होतो. स्टेशनचं नाव घेत नाही. पण सहा वेळा एकच गाणं कसं लागतं ते सांगतो, कारण ते कुणाच्या आळसामुळे होत नाही. ते मुद्दाम ठरवलेलं असतं.

गाण्यांचे गट असतात. वरच्या गटात मोजकी नवी गाणी, ती दर काही तासांनी फिरतात, त्याला रोटेशन म्हणतात. खालच्या गटांतली आठवड्यातून एखाद्-दुसऱ्या वेळी लागतात. कोणत्या तासाला कोणत्या गटातलं गाणं यायचं याचा साचा ठरलेला असतो आणि त्यात गाणी कॉम्प्युटरच बसवतो. आरजे गाणं निवडतो हा श्रोत्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. मी स्वतः एका आरजेला आवडतं गाणं परस्पर लावल्याबद्दल बोलणी बसताना पाहिलंय.

मग वरच्या गटात काय घ्यायचं? त्यासाठी लोकांना गाण्याचे सात-आठ सेकंद ऐकवून विचारतात, ओळखलं का, आवडलं का, कंटाळा आला का. आता विचार करा, सात सेकंदात कुठलं गाणं पास होईल? जे आधीच माहीत आहे ते. रिमेक तिथे पहिल्याच दिवशी पास होतो. नवी चाल, जिला समजून घ्यायला चार वेळा ऐकावं लागतं, तिला चार वेळा वाजायची संधीच मिळत नाही.

आणि भीती एकच असते, माणूस बटण दाबून दुसरीकडे जाईल. फ्रिक्वेन्सी लिलावात बोली लावून घेतलेली, उत्पन्न सगळं जाहिरातींचं. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही. मग वेगळेपण दाखवायला राहिलं काय? गाणीच. पण सगळे त्याच भीतीने तीच गाणी लावतात.

म्हणून ताईंशी भावनेने सहमत, पण एक सांगतो. 'गीतरामायण' ज्या रेडिओने केलं त्याला जाहिरातदाराला तोंड द्यायचं नव्हतं. तो सरकारच्या पैशावर चालत होता. खासगी स्टेशनकडून ती अपेक्षा ठेवणं मला पटत नाही.

कॅसेटवाला_नागपूर

सीताबर्डीला आमचं कॅसेटचं दुकान होतं, त्यामुळे कायद्याची बाजू मी जवळून पाहिली आहे.

१९५७च्या कॉपीराइट कायद्यात दुसऱ्याच्या गाण्याची नवी ध्वनिमुद्रणं काढायची वाट होती. ऐंशीच्या दशकात तिच्यावरूनच 'व्हर्जन' कॅसेटींचा पूर आला. मोठ्या गायकांची गाणी नव्या गळ्यांत, निम्म्या किमतीत. आम्हीही विकल्या, खपल्या. २०१२ला कायदा बदलला. आता परस्पर कव्हर काढायचं तर मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षं थांबावं लागतं आणि तांत्रिक गरजेपलीकडे गाण्यात बदल करता येत नाही.

मग रिमेकवाले एवढे बदल कसे करतात? कारण गाण्याचे हक्क ज्या कंपनीकडे आहेत तीच कंपनी बहुतेक वेळा नवं गाणंही काढते. स्वतःच्याच गोदामातला माल आहे, कुणाची परवानगी मागायची? ज्याने चाल बांधली त्याला बरेचदा गाणं बाजारात आल्यावरच कळतं. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का केला ही मोठीच गोष्ट झाली, जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत लढले. पण पैसे मिळणं वेगळं आणि 'माझ्या गाण्याला हात लावू नका' असं म्हणता येणं वेगळं.

तेव्हा ताई, रेडिओवर रागावताना अर्धा राग या गोदामवाल्यांसाठीही राखून ठेवा.

रात्रपाळी

मी टेम्पो चालवतो. नाशिकहून भाजी भरून वाशी मार्केट, आठवड्यातून पाच रात्री. तुमच्या मोठ्या गोष्टी वाचल्या, चांगल्या आहेत, पण माझं ऐका.

रात्री अडीच वाजता डोळे मिटायला लागतात तेव्हा नवं गाणं कामाचं नसतं. नवं ऐकायला डोकं रिकामं लागतं. ओळखीचं गाणं लागलं की तोंड आपोआप हलतं, गायला लागलं की झोप जाते. कसाऱ्याला घाटात रेंज जाते, तेवढ्या वेळात मी तेच गाणं स्वतःच म्हणत असतो. ते रिमेक आहे का ओरिजिनल आहे हे मी बघत नाही. त्या गाण्याने मला कितीतरी रात्री सुखरूप घरी आणलंय.

आणि आमचा पोरगा 'टिप टिप'चं नवं ऐकून जुन्यावर गेला. आता माझ्याबरोबर जुनी ऐकतो. रिमेक नसता तर तो आला असता का?

टाकादोरा

@रात्रपाळी दादा, तुमचं वाचून थांबले थोडी. ओळखीच्या गाण्यावर माझा राग नाही हो. आम्हीही लग्नसराईत रात्री एक-एकपर्यंत बसतो तेव्हा जुनीच गाणी लावतो. पण दादा, तुम्हाला जे पाठ आहे ते कधी तरी कुणी तरी पहिल्यांदा वाजवलं होतं ना? तेव्हा ते कुणाच्याच ओळखीचं नव्हतं. आज पहिल्यांदा काही वाजलंच नाही, तर तुमचा मुलगा वीस वर्षांनी रात्री अडीचला काय गाणार?

@माजी एफएमवाला, सात सेकंदांचं मला माहीत नव्हतं. फार वाईट वाटलं ते वाचून.

कानसेन

पुन्हा एकदा येतो, कारण इथे 'रेडिओने लोकांना चांगलं ऐकवावं' असा सूर लागतोय आणि त्याचा इतिहास आपल्याच माणसाचा आहे.

१९५२ला बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले. पुण्याचे, स्वतः शास्त्रीय संगीताचे जाणकार. त्यांना सिनेसंगीत हलकं वाटायचं. आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी त्यांनी जवळजवळ बंद पाडली. काय झालं? लोकांनी सुई रेडिओ सिलोनवर नेली. त्याच वर्षी तिथे 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि अमीन सायानींचा आवाज घराघरात गेला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ला सरकारला विविध भारती काढावी लागली. श्रोत्याला शिकवायला गेलात की श्रोता उठून जातो. रेडिओ त्याच्या मालकीचा आहे, सुई त्याच्या हातात आहे.

अनुराधा_तळेगाव

केसकरांची बंदी चुकीचीच होती, त्यावर वाद नाही. पण गोष्ट अर्धीच सांगितलीत.

सिनेसंगीत नको तर मग काय, हा प्रश्न त्यांनाही पडला होता. म्हणून त्याच काळात आकाशवाणीच्या केंद्रांवर सुगम संगीताचे विभाग उभे राहिले. कवी, संगीतकार, वादक पगारावर किंवा मानधनावर घेतले आणि सांगितलं, नवी गाणी करा. मराठी भावगीताला रेडिओने जो हात दिला तो या वातावरणात. 'गीतरामायण' १९५५चं आहे, म्हणजे केसकर मंत्री असतानाचं. बंदीने लोक सिलोनला गेले हे खरं, आणि नव्या गाण्यांमागे पैसा व माणसं उभी केल्यावर लोक पुणे केंद्र लावून बसले हेही तितकंच खरं. पहिलं सोडून द्या, दुसरं पुन्हा करता येईल की नाही यावर बोला.

@माजी एफएमवाला, जाहिरातदाराला नवं नकोच असतं हे मला मान्य नाही. २०१६ला 'सैराट' आला. अजय-अतुलने त्याच्यासाठी हॉलिवूडला जाऊन पाश्चात्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला, आणि तो हलगीच्या मातीत मिसळला. असं आधी मराठीत कुणी ऐकलं नव्हतं. ते अपरिचित होतं म्हणून कुणी स्टेशन बदललं का? दोन वर्षांनी हिंदीवाल्यांनी तेच 'झिंगाट' मागून नेलं.

माजी_एफएमवाला

'सैराट'चा मुद्दा मान्य. फक्त त्यामागे अख्खा चित्रपट होता. एकट्या नव्या गाण्यामागे कोण असतं?

आमच्याकडे एकदा प्रयत्न झाला होता. रविवारी रात्री दहा ते अकरा, चित्रपटाबाहेरची नवी मराठी गाणी, स्थानिक मुलांची. मीच भांडून मिळवला होता तो तास. मुलं स्वतःच्या पैशाने रेकॉर्ड करून पेनड्राइव्हवर आणून द्यायची. दापोडीचा एक मुलगा बहिणीला घेऊन आला होता, गाणं लागताना दोघं काचेपलीकडे उभी होती. चार महिने चाललं. प्रायोजक गेला आणि त्या जागी प्रेमगीतांचा तास आला. फोन येत होते, कमी होते पण येत होते. त्यांची कुठे नोंद झाली नाही.

वर मी लिहिलं की खासगी स्टेशनकडून अपेक्षा नको. ते मागे घेतो. आठवड्यातला एक तास मागायला हरकत नव्हती, आणि तो आम्ही सोडायला नको होता.

टाकादोरा

आज दुकानात माझ्याकडच्या त्या मुलीला मूळ गाणं मोबाइलवर लावून दिलं. आधी म्हणाली, ठोका नव्यातला भारी आहे. मग दुसरं कडवं आलं तशी हातातली सुई थांबली. म्हणाली, "मावशी, हे पुढचं त्यात का नाही?"

मला उत्तर देता आलं नाही. तिने पुन्हा पहिल्यापासून लावलं.

रात्रपाळी

ताई, कुठलं गाणं ते सांगा. आज रात्री गाडी भरायची आहे, निघायच्या आधी मोबाइलमध्ये घेऊन ठेवतो. कडव्यासकट.