जिकडे घुगऱ्या, तिकडे उदो उदो : जिंकल्यावरच उगवणारे चाहते

कृष्णाकाठ :
२ नोव्हेंबर २०२५ ची रात्र. महिला संघानं नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून वर्ल्डकप घेतला आणि आमच्या विश्रामबागेतल्या गल्लीत फटाके सुरू झाले. सगळ्यात लांब माळ समोरच्या काकांची. 'आपल्या सांगलीच्या स्मृतीनं कप आणला!' हेच काका दोन आठवड्यांपूर्वी, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंडकडून ओळीनं तीन मॅच हरलो तेव्हा, कट्ट्यावर भडंग चघळत म्हणत होते, 'संपली ती आता.' त्यातल्या शेवटच्या दोन मॅचमध्ये मानधनानं ८० आणि ८८ काढले होते, हे त्यांच्या गावीही नव्हतं. असल्या माणसाला चाहता म्हणायचं का? मी तर म्हणणार नाही.

मिरजेचा तंबोरा :
काकांनी कुणाचं काय खाल्लं? दिवसभर राबून माणूस टीव्ही लावतो तो मन रमवायला. टीम हरायला लागली, चॅनल बदललं. संघाशी काही लग्न लावलेलं नाही. मला उलट कट्टर लोकांचीच भीती वाटते. २००७ ला बांगलादेशकडून हरलो तेव्हा रांचीत धोनीच्या अर्धवट बांधलेल्या घराची नासधूस कुणी केली? चॅनल बदलणाऱ्यांनी नाही. जीव टाकणाऱ्यांनी.

कृष्णाकाठ :
त्यांना मी निष्ठावंत म्हणतच नाही. त्यांनाही फक्त जिंकणारी टीम हवी होती. काका टीव्ही बंद करतात, ते भिंत पाडतात. रोग एकच.

लिंबूटिंबू :
हे आम्हाला मानसशास्त्राला होतं. अमेरिकेत रॉबर्ट चाल्डिनी आणि मंडळींचा १९७६ चा अभ्यास आहे. विद्यापीठाची फुटबॉल टीम जिंकली की सोमवारी जास्त पोरं विद्यापीठाचं नाव असलेले कपडे घालून वर्गात यायची. आणि निकाल सांगताना जिंकलो तर 'आपण', हरलो तर 'ते'. वाचल्यापासून स्वतःचंच हसू येतं. २०२३ च्या पुरुषांच्या वर्ल्डकपला ओळीनं दहा मॅच 'आपण' जिंकल्या, १९ नोव्हेंबरला अहमदाबादला फायनल मात्र 'हे लोक' हरले.

तालमीतला :
क्रिकेटचं ऱ्हाऊ द्या ओ. जत्रेच्या फडात बसा एकदा. कुस्ती निकाली झाली की जिंकलेला पैलवान मैदानाला फेरी मारतोय आणि जो तो दहाची, पन्नासची नोट हातात कोंबतोय. पडलेला पोरगा पाठीची माती झाडत कपडे हुडकत असतोय. कुणाच्या मांडीवर ठेवलेले तेबी आठवत नाही त्याला. मी तीन वर्षं खेळलोय, दोन्ही बाजूंनी बघितलंय. पब्लिकवर राग धरून काय मिळतंय? नोट देणारा पुढच्या कुस्तीला दुसऱ्याला देणार, हे वस्तादांनी आधीच सांगितलेलं.

मिरजेचा तंबोरा :
हेच म्हणतोय! नोटा देणारी गर्दी नसेल तर फड भरणार कसा?

कऱ्हाडचा घाट :
गर्दीचं कौतुक नको. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकला कुस्तीत ब्राँझ आणलं, कऱ्हाडात मिरवणुकीला शंभरावर बैलगाड्या. पण जायच्या आधी पैशासाठी दारोदार फिरावं लागलं, तेव्हा त्यांच्यासाठी घर गहाण टाकणारे राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर एकटेच होते. १९४८ ला लंडनला खाशाबा सहावे आलेले, पदक नव्हतं. तरी टाकलं घर. बैलगाड्यांत बसलेल्यांचा मला राग नाही, पण दोघांना एकच शब्द वापरू नका.

मिरजेचा तंबोरा :
मग प्रत्येकानं घर गहाण टाकायचं का, मॅच बघायच्या आधी?

कऱ्हाडचा घाट :
'संपली' एवढं तरी म्हणू नये. फुकट असतंय ते.

कृष्णाकाठ :
काल काकांना गेटवर गाठून छेडलंच. म्हणाले, 'अरे २०१७ ची लॉर्ड्सची फायनल मी शेवटपर्यंत बघितली. ३ बाद १९१ वरनं सगळ्या २१९ ला आउट. नऊ धावांनी गेलं. त्या रात्री जेवलो नाही. तेव्हापासनं आधीच संपली म्हणून टाकतो, त्रास कमी होतो.' मला पुढं काय बोलावं सुचेना. त्या फायनलला आपली स्मृती शून्यावर गेली होती, तेही त्यांना ओव्हरसकट पाठ.

तालमीतला :
म्हंजे काका पास?

कृष्णाकाठ :
काठावर. ते ८० आणि ८८ मी अजून विसरलेलो नाही.