40 मावळे, दीड महिना: रंगवणारा आळशी की गिऱ्हाईक उतावीळ?

गावभागचा_रंगारी:
साताऱ्याच्या 'पोवईनाका' साहेबांची कालची पोस्ट वाचली आणि डोकं फिरलं. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: दिवाळीच्या किल्ल्यासाठी 28 मिमीचे 40 रेझिन मावळे साहेबांनी रंगवायला दिले. रंगवणाऱ्यानं दीड महिना सांगितला. साहेब लिहितात, "पेराएवढ्या बाहुल्यांना दीड महिना? तेवढ्यात माझा दोन मजली बंगला आतून-बाहेरून रंगवून झाला. कलेच्या नावाखाली आळस विकायचा धंदा आहे हा." तो रंगवणारा मी नव्हे, ओळखतही नाही त्याला. पण धंद्यालाच शिवी घातलीय म्हटल्यावर गप्प कसा बसू?

आधी हिशोब. दहा-दहाची खेप लावून साधं, टेबलावर बरं दिसेल असं काम केलं तरी एका मावळ्यामागं दीड तास जातो. सपोर्टच्या (3डी प्रिंट काढताना लावलेल्या टेकूंच्या) खुणा घासायच्या, प्रायमर (रंग धरावा म्हणून पहिला थर) मारायचा, मग अंग, अंगरखा, शेला, मुंडासं. वॉश, म्हणजे खाचांत सावली धरणारा पातळ रंग, सोडायचा, तो वाळेपर्यंत हात बांधून बसायचं. मग उजळ कडा, तलवारीची चमक, आणि सगळ्यात शेवटी डोळे-मिशा. 40 मावळ्यांचे झाले 60 तास. आमच्यातल्या बहुतेकांना दिवसा नोकरी असते. रात्री जेवणं उरकून दोन तास बसणाऱ्याला 30 रात्री लागतात, त्यात गणपती आणि एखादं लग्न आलं की दीड महिना होतोच.

आणि हा झाला नुसता ब्रश हातात असण्याचा वेळ. सांगलीत जुलै ते सप्टेंबर हवा कशी असते ते इथल्या माणसाला सांगायला नको. दमट हवेत मॅट व्हार्निशचा स्प्रे मारला की पांढरा थर धरतो. रात्री काळीभोर असलेली मिशी सकाळी राख फासल्यासारखी दिसते. वरून ग्लॉसचा एक हात दिला तर कधी सुधारते, कधी नाही. म्हणून शहाणा माणूस कोरडी दुपार मिळेपर्यंत व्हार्निशला हात लावत नाही. त्यात प्रिंट गिऱ्हाइकानंच आणून दिलेले असले तर बघायलाच नको. अल्कोहोलमध्ये नीट धुतलेले नसतात, यूव्ही दिव्याखाली पुरते कडक झालेले नसतात. ढालीच्या मागं, काखेत बोट लावलं की चिकट. त्यावर प्रायमर बसत नाही, सोलून निघतो. परत धुवा, परत वाळवा. हे दिवस कुणाच्या खात्यावर लिहायचे? रंगाचा नमुना पाठवला की "बघून सांगतो" म्हणून गायब होणारे आणि आठवड्यानं "झालं का ओ?" विचारणारे तर वेगळेच.

घाई असेल तर घाईचे जादा पैसे मोजा, रांग मोडून घेतो. ते जड जात असेल तर थांबा.

पोवईनाका:
माझ्या नावानं धागा काढलात, आभारी आहे. आता पूर्ण पोस्ट वाचायचे कष्टही घेतले असते तर बरं झालं असतं. माझा राग दीड महिन्यावर नाही. त्या गृहस्थानं आधी "पंधरा दिवसांत देतो" सांगितलं, निम्मे पैसे जीपेवर घेतले, पंधराव्या दिवशी फोन उचलला नाही आणि मग दीड महिन्याची भाषा सुरू केली. तुमचा 60 तासांचा हिशोब त्याला पहिल्या दिवशी येत नव्हता का? पैसे घेण्याआधी गणित कच्चं आणि घेतल्यावर एकदम पक्कं, हे कसं काय?

पोरानं बुरुज लिंपले, अळीव पेरलं, ते वीतभर वर आलं, तरी मावळ्यांचा पत्ता नाही. शेवटी वसुबारसेला राजवाड्याजवळून मातीचे आणले. पोरगं त्यातच खूश, तो भाग वेगळा.

गावभागचा_रंगारी:
हे सगळं तुमच्या तिसऱ्या परिच्छेदात होतं. पहिल्या ओळीत "आळस विकायचा धंदा" म्हटल्यावर तिसरा परिच्छेद कोण वाचतो, साहेब? पंधरा दिवस सांगून पैसे घेणारा चुकलाच, त्याला काय वकील देत नाही मी. पण त्याचं खापर आमच्या डोक्यावर नको.

विश्रामबागचे_फासे:
मी साहेबांच्या बाजूनं. मी वॉरहॅमर खेळतो, छोट्या सैनिकांच्या फौजा टेबलावर लढवायचा खेळ. सांगलीत खेळणारे मोजून हाताच्या बोटांवर, त्यामुळं फौज रंगवायला बाहेरगावी पाठवली. दर महिन्याला "काम चालू आहे" म्हणून फोटो यायचा. नीट बघितलं तर फोटोत तेच पाच सैनिक, फक्त खालचा कागद बदललेला. निळ्या कागदावर पाच, पुढच्या महिन्यात पिवळ्या कागदावर तेच पाच. शेवटी फौज परत आली ती निम्मी अशीच, प्रायमर मारलेली.

म्हणून माझा नियम: आगाऊ फक्त पाव रक्कम. बेसकोट (मूळ रंगाचा थर) झाला की फोटो, मग पुढचा हप्ता. आणि प्रत्येकाला थरावर थर कशाला पाहिजेत? पांढऱ्या प्रायमरवर कॉन्ट्रास्ट जातीचा रंग मारा, एकाच हातात रंग आणि सावली. 60 तासांचे 30 होतात.

गावभागचा_रंगारी:
कॉन्ट्रास्ट कापडाच्या चुण्यांवर झकास बसतो. सपाट ढालीवर आणि घोड्याच्या पाठीवर डाग धरतो. मग तेच गिऱ्हाईक फोटो मोठा करून दाखवतं, "हे काय झालंय?" पाव आगाऊ तर विसराच. अर्धवट काम झाल्यावर "आता नको" म्हणणारे मला तुमच्याइतकेच भेटलेत.

मिरजेची_तार:
आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सतारी घडतात. आजोबा तारीख कधीच सांगायचे नाहीत. भोपळा पुरता सुकलेला पाहिजे, लाकूड मुरलेलं पाहिजे, जवारी, म्हणजे तारा टेकतात ती घोडी, कानाला पटेपर्यंत घासायची. "झाली की निरोप धाडतो" एवढंच उत्तर. गवई थांबायचे. 2024 ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तो काय पंधरा दिवसांत डिलिव्हरी देऊन मिळाला का?

विश्रामबागचे_फासे:
आजोबांना नमस्कार. पण गवयाला वसुबारसेच्या आत सतार लागत नव्हती, आणि आजोबा निरोप तरी धाडत होते. इथं फोनच उचलत नाहीत.

सांगलीवाडी_काठावर:
तारखेचं म्हणाल तर माझी ऐका. 2019 चा ऑगस्ट. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा आणि 45 ला धोका, हे आमच्याकडं शाळकरी पोरालाही पाठ असतंय. त्या वेळी पाणी त्याच्याही कितीतरी वर गेलं. घरात लोकांच्या मूर्ती रंगवायला होत्या. टीव्ही-फ्रीज राहू दे म्हटलं आणि पहिले त्यांचे डबे माळ्यावर चढवले. बायको अजून ऐकवते. नावेतून बाहेर पडताना पुण्याच्या गिऱ्हाइकाचा मेसेज: "पुराचं समजू शकतो, पण शनिवारचं कमिटमेंट होतं."

पोवईनाका:
बापरे. हा माणूस मी नव्हे, एवढं लिहून ठेवतो.

कराडचा_बखरवाचक:
मध्येच विचारतो. त्या 40 मावळ्यांची डोकी कुठल्या रंगात रंगवायची ठरली होती? सगळ्यांना एकसारखा भगवा फेटा हा बाजारानं काढलेला शोध आहे. सतराव्या शतकात आपल्या पायदळाला एकसारखा गणवेश नव्हता. जो तो आपल्या घरचं मुंडासं बांधून यायचा.

पोवईनाका:
माझ्या पोराच्या किल्ल्यावर भगवाच फेटा राहील. संशोधन तुमच्या किल्ल्यावर करा.

शाहूनगरी_मावळा:
आधी फेटा बाजाराचा म्हणायचं, उद्या भगवाच बाजाराचा म्हणतील. असले बखरवाचक लई बघितले.

कराडचा_बखरवाचक:
झेंड्याबद्दल मी एक अक्षर बोललो नाही. मी डोक्यावरच्या कापडाबद्दल बोलतोय. मीर मुहम्मद या चित्रकारानं इटालियन प्रवासी मनुचीसाठी काढलेलं महाराजांचं घोड्यावरचं चित्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्या काळातलं आहे. बाजारातल्या मावळ्यावरून इतिहास शिकण्यापेक्षा ते बघा.

शाहूनगरी_मावळा:
पॅरिसचं चित्र खरं आणि आमची आजी फेटा बांधायला शिकवायची ते खोटं?

कराडचा_बखरवाचक:
तुमची आजी सतराव्या शतकात होती का?

शाहूनगरी_मावळा:
आजीवर जायचं काम नाही. साताऱ्यात या, समोर बोलू.

गावभागचा_रंगारी:
बघा! नेमकं हेच. उशीर का होतो म्हणून विचारता ना? 20 मावळ्यांचे फेटे भगवे करून, वॉश सोडून, कडा उजळवून होतात आणि गिऱ्हाइकाचा मेसेज येतो: "काल एक लेख वाचला, मुंडाशी मातकट करता येतील का?" ती मातकट होतात तोवर त्याचा मेव्हणा बघायला येतो आणि म्हणतो, भगवे का नाहीत? तुमच्या दोघांच्या भांडणाचं बिल रंगवणाऱ्याच्या टेबलावर फाटतं.

दुसरं दुखणं. 2024 च्या जुलैत लंडनहून वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली. गर्दी झाली, चांगलंच झालं. पण त्यानंतर प्रतापगडचा प्रसंग सांगणारा प्रत्येक जण म्हणतो, "महाराजांच्या हातातली वाघनखं स्पष्ट दिसली पाहिजेत." 28 मिमीचा माणूस म्हणजे साधारण साठपट लहान. चार सेंटिमीटरचं नख तिथं पाऊण मिलिमीटरसुद्धा भरत नाही. तीन केसांच्या ब्रशनं चंदेरी टिंब ठेवतो मी, त्यावर गिऱ्हाईक म्हणतं, "वळलेलं दिसत नाहीये." वळलेलं पाहिजे असेल तर 75 मिमीची मूर्ती घ्या आणि त्याचे पैसे द्या.

वाईची_कुंचलेवाली:
फेटेवाल्यांनी दुसरा धागा काढावा, ही विनंती नाही. आणि रंगारीदादा, तुमचंही सगळं गिऱ्हाइकावर ढकलून झालं असेल तर एक विचारू? पावसाळ्यात व्हार्निश बसत नाही हे तुम्हाला दरवर्षी माहीत असतं, मग ऑगस्टमध्ये काम घेताना ते आधी का सांगत नाही? मी गिऱ्हाइकाला दोन तारखा देते. रंगकाम कधी संपेल ती एक, आणि व्हार्निश होऊन हातात कधी पडेल ती दुसरी. रांगेत कितवा नंबर आहे तो पण सांगते, दर रविवारी बदलला की कळवते. रंगांची यादी लिहून सही घेतल्याशिवाय प्रायमर उघडत नाही. सहीनंतर फेटा बदलायचा झाला तर डोक्यामागं जादा पैसे. ही पद्धत लावल्यापासून एकाचाही मेव्हणा आलेला नाही.

गावभागचा_रंगारी:
सही-शिक्का, दोन तारखा, रविवारचा अहवाल. ताई, रंगवता कधी? चेष्टा केली. नंबर सांगायची गोष्ट बरी आहे. दोन तारखाही बऱ्या, निदान पावसाळ्यापुरत्या. बाकी सरकारी कचेरी तुमच्याकडंच असू दे.

विश्रामबागचे_फासे:
आणि पैसे परत करायचं? त्याबद्दल सगळे रंगवणारे एका सुरात गप्प.

वाईची_कुंचलेवाली:
प्रायमर मारायच्या आधी रद्द केलं तर सगळे परत. नंतर केलं तर झालेल्या डोक्यांचे कापून बाकीचे परत. यात गप्प बसण्यासारखं काय आहे?

विश्रामबागचे_फासे:
ताई, तुमचा नंबर कितवा चालू आहे ते सांगा आधी.

मिरजेची_तार:
आमच्या आजोबांना रद्द करा म्हणायची कुणाची हिंमत नव्हती.

पोवईनाका:
बंगल्याचं उदाहरण मागं घेतो. बंगल्याला मिशा काढायच्या नसतात, कळलं. "आळस" हा शब्द फक्त त्या एका माणसापुरता राहील. रंगारीसाहेब, पोराला पुढच्या वर्षी पाच घोडेस्वार पाहिजेत. आत्ता दिले तर कधी मिळतील? खरी तारीख सांगा. आणि फेटे भगवेच.

गावभागचा_रंगारी:
घोड्याचा दर वेगळा. नंबर सातवा. मार्चच्या आत देतो, तेव्हा हवा कोरडी असते, व्हार्निशची दुसरी तारीख लागणार नाही. प्रिंट धुऊन, कडक करून आणा, चिकट असले तर दारातून परत.

कराडचा_बखरवाचक:
घोड्यांची खोगिरं कुठल्या पद्धतीची आहेत?