मदत हवी आहे: पॉइंट टू टू रायफलच्या बॅरलशी काडतुसांचा लॉट जुळवायचा कसा?

नमस्कार मंडळी,

मुलगी कोल्हापुरात ५० मीटर प्रोन (पालथं झोपून) आणि थ्री पोझिशन (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) नेमबाजी खेळते, सराव दुधाळीच्या रेंजवर. बॅरलचा ट्विस्ट, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खोबणींचा पीळ, साडेसोळा इंचांत एक फेरा. वापरात असलेला काडतुसांचा लॉट (एकाच खेपेत बनलेली काडतुसं) संपत आला म्हणून त्याच कंपनीचा, त्याच नावाचा नवा लॉट घेतला, आणि प्रोनमध्ये ग्रुप (टार्गेटवरच्या छिद्रांचा पुंजका) उभा पसरायला लागला. दोन गोळ्या दहाच्या रिंगात, मग एक सरळ खाली नवात, पुढची वर. आडवा पसारा मात्र होता तेवढाच, त्यामुळे वाऱ्याला दोष देता येत नाही. कोच श्वासाकडे लक्ष दे म्हणतात. पण जुन्या लॉटची उरलेली पेटी दिली की त्याच दिवशी, त्याच मॅटवर ग्रुप पुन्हा गोल होतो. पोरगी स्वतःवर शंका घ्यायला लागलीय, ते मला बघवत नाही.

मी कागदावर थोडा हिशेब मांडला. मॅचची गोळी साधारण ३२५ ते ३३० मीटर प्रतिसेकंद वेगाने सुटते, ५० मीटरला तिला जेमतेम ०.१६ सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती बारा-साडेबारा सेंटिमीटर खाली येते. एखादी गोळी १० मीटर प्रतिसेकंदाने मंद सुटली तर ती आणखी सात-आठ मिलिमीटर खाली लागणार. टार्गेटवर दोन रिंगांमधलं अंतर ८ मिलिमीटर. म्हणजे पोझिशनमध्ये काही न चुकता अख्खा एक गुण गेला. हे बरोबर आहे का?

रेंजवर सल्ले भरपूर मिळाले: ६० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) जड गोळी वापरा, हाय व्हेलॉसिटी म्हणजे जास्त वेगाची काडतुसं घ्या, एकाने तर बॅरलच बदला म्हटलं. स्वप्नील कुसाळेंनी २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ जिंकल्यापासून इथं प्रत्येकाला थ्री पोझिशनमधलं कळतं! इम्पोर्टेड काडतुसं सहज मिळत नाहीत, एकदा घेतलेला लॉट बराच काळ पुरवावा लागतो. तेव्हा निवड नेमकी कशी करायची, हे जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

दादा, हिशेब बरोबर आहे. मुलीला आधी तो दाखवा.

बॅरलला हात लावू नका. ट्विस्ट ठरतो गोळीच्या लांबीवरून, नुसत्या वजनावरून नाही. ४० ग्रेनच्या आखूड शिशाच्या गोळीला सोळा-साडेसोळा इंचांचा फेरा पुरतो. ६० ग्रेनची गोळी तेवढ्याच जाडीत लांब होते, तिला नऊ इंचांच्या आसपासचा ट्विस्ट लागतो. तुमच्या बॅरलमधून ती डोलत जाईल आणि टार्गेटवर लांबट छिद्रं दिसतील. हाय व्हेलॉसिटी गोळी आवाजाच्या वेगापेक्षा जोरात सुटते आणि टार्गेटपर्यंत त्या वेगाच्या आसपास उतरते. नेमकी तिथेच हवा तिला हलवते. म्हणून मॅचची काडतुसं मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवतात.

दारूचं म्हणाल तर रिमफायरमध्ये, म्हणजे या पॉइंट टू टू काडतुसांत, आपल्या हातात काही नाही. काडतूस उघडून दारू कमी-जास्त करण्याच्या फंदात कुणी सांगितलं तरी पडू नका. आपल्या हातात फक्त लॉट.

चाचणीआधी ॲक्शनचे स्क्रू (रायफलची यंत्रणा दस्त्याला धरून ठेवणारे) टॉर्क रेंचने कंपनीने दिलेल्या मापावर आवळा. ते सैल असतील तर सगळे लॉट खराबच दिसतील. रायफल क्लॅम्पमध्ये धरा. लॉट बदलला की पहिल्या दहा-पंधरा गोळ्या मोजू नका, आधीच्या लॉटचं मेण बॅरलमधून जाऊन नव्याचा थर बसावा लागतो. मग दहा-दहाचे चार ग्रुप. पाच गोळ्यांचा एक सुंदर ग्रुप बघून पेट्या उचलणारे खूप बघितलेत, तो निव्वळ योग असतो. मध्यापासून मध्यापर्यंत १६ मिलिमीटरच्या वर्तुळात दहाच्या दहा गोळ्या बसल्या आणि ते वर्तुळ टार्गेटच्या मध्यावर असलं, तर सगळे दहाच मोजले जातात. तो तुमचा निकष. उभा पसारा वेगळा लिहून ठेवा. काही कंपन्या पेटीवर लॉटचा वेगही छापतात, पण तो सरासरी असतो, प्रत्येक गोळीतला फरक त्यातून कळत नाही. आणि पेटी उन्हात ठेवू नका.

धागाकर्ता

मनापासून आभार. क्लबमध्ये क्लॅम्प आहे का विचारतो. आणखी दोघांकडे याच काडतुसाचे वेगळे लॉट आहेत, त्यांच्याकडून एकेक पेटी बदलून घेता येईल. एकच राहिलं: क्लॅम्पमध्ये चांगला ठरलेला लॉट मुलीच्या खांद्यावरही तसाच चालेल ना, की प्रोनमध्ये पुन्हा तपासायचा?