मदत हवी आहे: परग्रहाच्या हवेचं मॉडेल केलंय, पण लक्समीटरवर फरकच दिसत नाही

नमस्कार मंडळी. मी परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात विज्ञान शिकवतो. नववीच्या दोन मुली तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मॉडेल करायल्यात आणि आम्ही तिघंही एका जागी अडकलोय.

सुरुवात वर्गातल्या प्रश्नानं झाली. वॅस्प-३९बी नावाच्या ग्रहाच्या हवेत जेम्स वेब दुर्बिणीला २०२२ मध्ये कार्बन डायऑक्साइड सापडला, असं मी बोलता बोलता सांगितलं. हा ग्रह सुमारे ७०० प्रकाशवर्षं दूर आहे. एक मुलगी उठून म्हणाली, "सर, आपल्याला आपलीच हवा दिसंना, तिथली कशी काय दिसायली?" मला धड उत्तर देता आलं नाही. रात्री बसून वाचलं.

मला जे समजलं ते असं. ग्रह ताऱ्यासमोरून सरकतो तेव्हा ताऱ्याचा थोडा प्रकाश अडतो. ग्रहाभोवती हवेची पातळ कड असेल तर काही प्रकाश तिच्यातून गाळून आपल्याकडे येतो. तिथला वायू जो रंग शोषतो त्या रंगात ती कडही प्रकाश अडवते, म्हणून तेवढ्यापुरता ग्रह मोठा भासतो. कार्बन डायऑक्साइड ४.३ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपासचा अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश शोषतो. वॅस्प-३९बी एरवी ताऱ्याचा साधारण २.१ टक्के प्रकाश अडवतो, त्या तरंगलांबीला तो आकडा २.३ च्या जवळ जातो. म्हणजे हवा दिसत नाही, सावलीचं माप बदलतं! दुसऱ्या दिवशी धडा बाजूला ठेवून मी हेच शिकवलं.

मॉडेल मुलींनी सुचवलं. टेबल टेनिसचा ४० मिमीचा चेंडू, त्याच्या कमरेला निळ्या जिलेटिन कागदाची २ मिमी रुंद कडी. पुठ्ठ्याला २० सेंमीचं गोल भोक, त्यावर बटर पेपर, मागे ९ वॅटचा एलईडी बल्ब. बल्बपुढे लाल जिलेटिन धरला की कडी काळी पडते आणि चेंडू फुगल्यासारखा दिसतो. निळा धरला की कडी जवळपास नाहीशी होते. डोळ्यांना हे इतकं छान दिसतं की मुली टाळ्या वाजवतात. पण मोबाइलवरच्या लक्समीटरमध्ये (उजेड मोजणाऱ्या ॲपमध्ये) लाल आणि निळ्यात फरक धरता येत नाही. चेंडू न लावताही आकडा नाचतो: ६१, ५८, ६०, परत ५७. खिडक्यांना चादरी लावून पाहिल्या, तरी तेच.

चूक कुठे होतेय? शिवाय परीक्षक विचारणार, की तो कार्बन डायऑक्साइड ताऱ्यातलाच नसेल कशावरून? औंढा नागनाथला लायगो ही वेधशाळा होतेय, त्यात हे ग्रह दिसतील का, असंही मुली विचारतात.

प्रतिसाद:
सर, तुमची कल्पना बरोबर आहे, मापं चुकलीत. २० सेंमीच्या गोलापुढे तुमचा चेंडू ४ टक्के प्रकाश अडवतो, कडीसकट ४.८ टक्के. फरक एक टक्क्याच्या आत, आणि तुमचा आकडा एरवीच सहा-सात टक्के हलतोय. संध्याकाळी व्होल्टेज वरखाली होत असेल. बल्ब सोडा, चार्जिंगची टॉर्च घ्या. गोल १० सेंमीचा करा आणि कडी ५ मिमी. मग नुसता चेंडू १६ टक्के अडवेल, कडीसकट २५. चेंडू बटर पेपरला अगदी लगटून ठेवा, मोबाइलकडे सरकला की सावली मोठी होते. लाल आणि निळ्याचे लक्स थेट ताडून पाहू नका, लक्सचं माप डोळ्याच्या जाणिवेवर बेतलेलं असतं, हिरव्याला त्यात सगळ्यात जास्त वजन. प्रत्येक रंगात चेंडूआधीचा, चेंडू असतानाचा आणि नंतरचा आकडा घ्या, मग टक्केवारी काढा.

परीक्षकांचं उत्तरही त्यातच आहे. शास्त्रज्ञ ग्रह समोर येण्याआधी आणि गेल्यावरही तारा मोजतात. ताऱ्यातला वायू तिन्ही वेळा असतो, जास्तीची घट फक्त मधल्या वेळी. ताऱ्यावर डाग असले की मात्र घोळ होतो, आणि ती अडचण आजही सुटलेली नाही.

लायगो गुरुत्वीय लहरी टिपणार. त्याचा या कामाशी संबंध नाही.

जमलं तर आणखी एक चेंडू करा, कडीवर दाट कापूस लावून. दोन्ही रंगांत माप सारखंच येईल. जीजे १२१४बी या ग्रहाचा वर्णपट, म्हणजे रंगागणिक मापाचा आलेख, हबल दुर्बिणीला असाच सपाट मिळाला होता. उंचावरच्या ढगांमुळे तो सपाट आहे, असं २०१४ मध्ये दाखवलं गेलं.

धागाकर्ता:
जमलं! टॉर्चवर लाल रंगात प्रकाश २४ टक्के घटला, निळ्यात १७. आकडा वहीत लिहिताना मुलीचा हात थरथरत होता. कापसाचा चेंडूही केला, दोन्ही रंगांत २४. त्यावर तिनं विचारलं, "सर, हवाच नसली तरी रेघ सपाटच येणार की. मग ढग हायेत का हवाच न्हाई, हे कसं कळायचं?" आता हे सांगा.

प्रतिसाद:
मुलीला माझा नमस्कार सांगा. एक वाट उष्णतेची आहे. ट्रॅपिस्ट-१बी या ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असते, असं मानतात. दाट हवा असती तर तिनं थोडी उष्णता अंधाऱ्या बाजूला वाहून नेली असती. वेब दुर्बिणीनं २०२३ मध्ये उजेडाच्या बाजूचं तापमान मोजलं, ते सुमारे २३० अंश सेल्सिअस निघालं. उष्णता पलीकडे जातच नसेल तर जितकं यायला हवं, साधारण तितकंच. म्हणून तिथे दाट हवा नसावी, असं म्हणतात. प्रदर्शनात एवढं सांगितलं तरी पुरे आहे.