दर उन्हाळ्यात मुलाच्या डोळ्यांना खाज : गेल्या वर्षीचेच थेंब पुन्हा घालावेत का?

प्रश्न (एक आई, जुळे सोलापूर)
माझा मुलगा ९ वर्षांचा आहे. होळी झाली की त्याचे डोळे लाल होऊन खाजू लागतात आणि पहिला पाऊस पडून धूळ बसेपर्यंत हा त्रास चालतो. सकाळी पांढरे, तार सुटणारे चिपड निघते आणि उन्हात त्याला डोळे उघडवत नाहीत. गेल्या वर्षी डॉक्टरांनी ८ दिवसांसाठी दिलेल्या थेंबांनी दोन दिवसांत आराम पडला, म्हणून पुढे त्रास झाला की मी तीच रिकामी बाटली दाखवून दुकानातून नवी आणत गेले. यंदा दुसऱ्या दुकानदाराने चिठ्ठीशिवाय ते देण्यास नकार दिला आणि ओलोपॅटाडिनचे थेंब दिले. ते रोज सकाळी घालते, पण चार दिवसांत म्हणावा तसा फरक नाही. जुनेच पुन्हा आणावेत का?

उत्तर (औषधविक्रेता, अशोक चौक)
ताई, आधी जुन्या बाटलीवरील औषधाचे नाव वाचा. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन किंवा फ्लुओरोमेथोलोन असेल, तर ते स्टेरॉइड आहे. आराम झटपट पडतो तो त्यामुळेच; परंतु देखरेखीशिवाय ते वारंवार घातल्यास डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. ज्यांनी नकार दिला, त्यांनी योग्यच केले.

तुम्ही सांगता तो त्रास ॲलर्जीचा दिसतो. ओलोपॅटाडिन ॲलर्जीत खाज आणणाऱ्या हिस्टामिन या द्रव्याला अडवते आणि ज्या पेशींतून ते बाहेर पडते त्यांनाही शांत ठेवते. खाज लवकर कमी होऊ लागते, तरी पूर्ण परिणामासाठी नियमितपणा लागतो. बाटलीवर ०.१ टक्का लिहिले असेल, तर ते सहसा दिवसातून दोनदा घालायचे असते, ०.२ टक्के असेल, तर एकदा. हे जरूर पाहा. आपल्याकडे लाल डोळा दिसला की ‘डोळे आले’ म्हणून अँटिबायोटिक मागतात. ॲलर्जीवर त्याचा काही उपयोग नाही.

उत्तर (एक वडील, होटगी रोड)
आमच्या मुलाच्या बाबतीत हेच घडले. तेच थेंब दीड वर्ष अधूनमधून चालू होते आणि चष्म्यासाठी तपासायला नेले तेव्हा दाब वाढलेला निघाला. त्याला स्वतःला काहीही जाणवत नव्हते, हे मला आजही सलते. डॉक्टरांनी सांगितले की उष्ण, कोरड्या भागातील मुलांमध्ये, विशेषतः मुलग्यांमध्ये, या ॲलर्जीचा तीव्र प्रकार आढळतो आणि सतत डोळे चोळल्याने बुबुळाचा आकारही बिघडू शकतो. तुम्ही लिहिलेले तारेसारखे चिपड आणि उजेड सहन न होणे पाहता, नेत्रतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय राहू नका.

उत्तर (शिक्षिका, सात रस्ता)
थेंब घालण्याची पद्धतही पाहा. खालची पापणी किंचित ओढून एकच थेंब टाकावा, बाटलीचे टोक पापणीला लागू देऊ नये आणि डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर हलकेच दाबून धरावा. दुसरे थेंब असतील, तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत. खाज सुटली की मी थंड पाण्यात पिळलेली पट्टी ठेवते. चोळण्याची इच्छा त्याने आवरते.

प्रश्नकर्ती
बाटली शोधली. त्यावर डेक्सामेथासोनच आहे. ओलोपॅटाडिन ०.१ टक्का आहे आणि मी ते एकदाच घालत होते. नेत्रतज्ज्ञांची परवाची वेळ मिळाली आहे. तोपर्यंत हे दोनदा घालू का?

औषधविक्रेता
होय, सकाळी आणि संध्याकाळी. जुनी बाटली सोबत न्या, गेल्या वर्षभरात अशा किती आणल्या ते आठवून सांगा आणि डोळ्यातील दाब तपासण्यास आवर्जून सांगा.