घर बदलतोय: लेगोच्या पाच मॉड्युलर इमारती न मोडता कशा न्याव्यात?

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आम्ही घर बदलतोय. भांड्यांची, पुस्तकांची चिंता नाही. चिंता आहे ती फळीवरच्या आमच्या गल्लीची. लेगोच्या मॉड्युलर इमारती आहेत, डिटेक्टिव्हज ऑफिसपासून (२०१५) कॉर्नर गॅराजपर्यंत (२०१९) दरसालची एक. मध्ये ब्रिक बँक, असेम्ब्ली स्क्वेअर आणि डाउनटाउन डायनर. सगळं मिळून साडेतेरा हजारांवर तुकडे होतात. एकट्या असेम्ब्ली स्क्वेअरचे ४००२.

सगळं सुटं करून पुस्तिकेवरून परत जोडणं हा सर्वांत सुरक्षित मार्ग, हे कळतं. पण मन होत नाही. प्रत्येक इमारत मी आणि लेकीने रोज तासभर बसून केलीये. असेम्ब्ली स्क्वेअरमधल्या दातांच्या दवाखान्यातली ती इवलीशी खुर्ची तिने पहिल्यांदा एकटीने जोडली होती, तेव्हा ती सात वर्षांची होती. म्हणून मजले तसेच ठेवून न्यायचा विचार आहे. मजले वेगळे होतात हीच तर या मालिकेची गंमत.

एकदा हात पोळलेत. फळी पुसायला बँक उचलली, पण शेजारच्या ऑफिसला ती पिनांनी जोडलेली आहे हे लक्षातच राहिलं नाही. सरळ वर उचलली तशी ऑफिसची भिंतही कड्‌कड् करत सुटून आली. दुसऱ्यांदा बेसप्लेट (इमारतीखालची पातळ पाटी) एका कडेने धरली, तर ती वाकली आणि फुटपाथच्या टाइल्स टपाटप उडाल्या.

तर विचारायचं असं:
मजले खोक्यात उभे ठेवावेत की आडवे? आतलं सामान काढून घ्यावं का? आणि नव्या घरात फळीची जागा खिडकीसमोरच आहे, दुपारचं ऊन येतं. तिथे ठेवलं तर चालेल का?

ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १
मी दोनदा हलवल्यात. आधी पिना: इमारत न उचलता सरळ रेषेत बाजूला ओढायची, मगच उचलायची. मजले आहेत तसे उभेच ठेवा, आडवे केले की आतलं सगळं एका भिंतीवर येतं. टेबल, खुर्च्या, दिवे, माणसं काढा आणि मजल्यागणिक वेगळ्या पिशवीत घाला, पिशवीवर नाव लिहा. मजल्याला बाहेरून क्लिंग फिल्मचे दोन वेढे द्या. चिकटपट्टी थेट विटांना अजिबात लावू नका, डिंक राहतो आणि छापील तुकडे खराब होतात.

तळमजल्याखाली प्लायचा तुकडा सरकवा आणि प्लायसकट उचला. ३२ स्टडची (वरच्या गोल उंचवट्यांची) बेसप्लेट २५.६ सेंमी भरते, त्यामुळे आतून ३० सेंमीचं खोकं घेतलं की चारी बाजूंना कागदाचे बोळे बसतात. थर्माकोलचे मणी नकोत, ते फटींतून निघता निघत नाहीत.

प्रतिसाद २
असेम्ब्ली स्क्वेअरकडे जास्त लक्ष द्या. खाली ३२ आणि १६ स्टडच्या दोन वेगळ्या बेसप्लेट आहेत, दोन टोकांना धरलंत तर मधला जोड उघडतो. ४० सेंमीहून लांब प्लाय लागेल.

खिडकीसमोर ठेवू नका, हे कळकळीने सांगतो. उन्हाने पांढऱ्या विटा पिवळट पडतात, आणि एकाच भिंतीत काही पडतात, काही नाही, ते फार डोळ्यांत येतं. जाड पडदा तरी लावाच, शक्य असेल तर समोरची भिंत घ्या.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. काल बँकेवर करून पाहिलं. पिना ओढून सोडवल्या, प्लाय सरकवला, आणि तळमजला एकही टाइल न उडता खोक्यात बसला. वरचा मजला काढताना मात्र एक कोपरा अडला. लेकीने सुचवलं की एका बाजूने न उचकटता चारी कोपरे आळीपाळीने थोडे थोडे सैल करू. तसा तो निघाला.

फळी आता आतल्या भिंतीला लावतोय. असेम्ब्ली स्क्वेअरसाठी ४५ सेंमीचा प्लाय कापायला दिलाय. दवाखान्याची खुर्ची लेक स्वतःच्या दप्तरातून नेणार आहे.