मदत हवी आहे : स्वयंसेवक टिकवायचे कसे?

नमस्कार मंडळी, खानापूर तालुक्यात आमचं छोटं मराठी वाचनालय आहे. बेळगावच्या कॉलेजची पोरं रविवारी येऊन पुस्तकांची नोंद करतात, बारक्यांना वाचून दाखवतात. आमचा भार हलका होतो, हे उघडच आहे. पण त्यांना काय मिळतं? एनएसएसचे (कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे) वर्षाचे १२० तास भरले की बरेच जण गायब! प्रमाणपत्राचं अप्रूप कुणालाच नाही. एक मुलगी मात्र इथं मराठी-कन्नड दोन्हीत धीटपणे बोलायला शिकली. नोकरीच्या मुलाखतीत उपयोग झाला म्हणाली. मग हिशेब, कार्यक्रम अशी नेमकी जबाबदारीच सोपवावी का? कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे मुलींना सरकारी बस फुकट आहे, मुलांना तिकिटाचे पैसे द्यावेत का? निपाणी-चिकोडीकडे संस्था चालवणाऱ्यांनी जरूर सांगा.